जीवशास्त्राची परीक्षा आणि घरातील डॉक्टर

अकरावीला विषय निवडताना गणिताचा धसका घेतलेली मुले जीवशास्त्राकडे वळतात आणि ‘हा तर पाठांतराचा विषय, दिवाळीनंतर पाहू’ असे म्हणून निर्धास्त होतात. त्यातून घरात कोणी डॉक्टर असेल तर विचारायलाच नको. ‘तुला कसली काळजी? तुझ्या घरातच शिकवणी आहे,’ असे नातेवाईकही म्हणू लागतात. जानेवारी उजाडतो आणि तोच विद्यार्थी जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन, चार रंगांच्या पेनांनी ओळी अधोरेखित करीत रात्री जागवू लागतो. पुढे परीक्षा होते आणि ‘सगळे येत होते, पण ऐनवेळी आठवले नाही’ असे सांगत तो घरी परततो.

हे वाक्य आपण सर्वांनी, विशेषतः वैद्यकीय व्यवसायातील पालकांनी, एखाद्या रुग्णाच्या तक्रारीप्रमाणे ऐकावयास हवे. तक्रार खरी असते. कारण मात्र रुग्ण सांगतो ते असेलच असे नाही. माझ्या मते बहुतेक वेळा कारण एकच असते. विद्यार्थ्याने धडा पाच वेळा वाचलेला असतो; परंतु पुस्तक मिटून तो एकदाही स्वतःच्या हाताने मांडलेला नसतो. पाचव्या वाचनात प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि त्या ओळखीलाच तो ज्ञान समजतो. रस्त्यात भेटलेल्या माणसाचा चेहरा ओळखणे आणि त्याचा चेहरा कागदावर काढून दाखविणे यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच वाचन आणि स्मरण यांत आहे. परीक्षेत दुसरी गोष्ट मागितली जाते.

या बाबतीत आता केवळ अनुभवाच्या गोष्टी सांगण्याची आवश्यकता राहिलेली नाही. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विसरण्याचे मोजमाप केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. विस्मरण पहिल्या काही तासांत व दिवसांत सर्वांत वेगाने होते आणि नंतर मंदावते, हे त्यातून दिसून आले. त्यानंतर सव्वाशे वर्षांच्या आतबाहेर, २००६ मध्ये, अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर व कार्पिके या संशोधकांनी विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढील तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे वाचन फलदायी का वाटते आणि महिन्याभरापूर्वीचे वाचन कोठे नाहीसे होते, याचा उलगडा या दोन आकड्यांत आहे.

तेव्हा तयारीची पहिली सामग्री म्हणजे पाठकोरे कागद. दवाखान्यात औषध कंपन्यांची पत्रके ढिगाने येतात, त्यांची मागची बाजू या कामास उत्तम. शाळेत शिकविलेला भाग संध्याकाळी पुस्तक मिटून कागदावर मांडावा. जे आठवले नाही ते मग पुस्तक उघडून दुसऱ्या रंगाने भरावे. तोच भाग दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा मांडावा. दुसऱ्या रंगाची शाई दर वेळी कमी लागते की नाही, हे पाहिले म्हणजे प्रगती कळते. त्यासाठी वेगळी चाचणीमाला विकत घेण्याची गरज नाही.

पाठ्यपुस्तकाविषयी

आपल्याकडे इंदूर-उज्जैन-देवास भागात बहुतेक मुले केंद्रीय मंडळाच्या किंवा मध्य प्रदेश मंडळाच्या शाळांत असतात, आणि उच्च माध्यमिक जीवशास्त्रासाठी दोन्हीकडे एनसीईआरटीचेच पुस्तक आहे. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत लेखी ७० व प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत एकूण ७२० गुणांपैकी ३६० गुण, म्हणजे बरोबर निम्मे, जीवशास्त्राचे असतात. त्यात अकरावी आणि बारावी अशी दोन्ही वर्षे येतात. अकरावीचे शरीरक्रियाशास्त्र ‘बोर्डाला नाही’ म्हणून सोडून दिलेल्या मुलांना याची किंमत मोजावी लागते.

एक सूचना किरकोळ वाटेल, पण आवश्यक आहे. थोरल्या भावंडाचे जुने पुस्तक वापरू नये. २०२२ मध्ये अभ्यासक्रमाची काटछाट झाली आणि अकरावीतील पचनसंस्था, बारावीतील पर्यावरणाचे प्रश्न असे काही धडे वगळले गेले. पचनसंस्था वगळावी हे आपल्या पेशातील माणसाला रुचणार नाही. तरी विद्यार्थ्याने चालू पुस्तक व त्या वर्षीचा अधिकृत अभ्यासक्रम हेच प्रमाण मानावे.

मूत्रपिंडाचे उदाहरण

मुले सर्वांत जास्त घोकतात आणि सर्वांत लवकर विसरतात असा एक धडा म्हणजे उत्सर्जन संस्था. नेफ्रॉनची आकृती, नळ्यांची नावे, कोठे काय शोषले जाते याचा तक्ता, हे सारे एकामागून एक पाठ केले जाते. येथे क्रम उलटा करून पाहावा. नावांपूर्वी आकडे घ्यावेत आणि त्यांचा हिशेब विद्यार्थ्याकडून करून घ्यावा.

हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकते. त्यातील ११०० ते १२०० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा, मूत्रपिंडांकडे जातो. तेथे मिनिटाला १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. १२५ ला ६० ने आणि पुन्हा २४ ने गुणले की दिवसाचे १८० लिटर होतात. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तद्रव असतो सुमारे ३ लिटर. म्हणजे सगळाच्या सगळा रक्तद्रव दिवसातून ६० वेळा गाळून निघतो! आणि मूत्र किती? सुमारे दीड लिटर. उरलेले साडेअठ्ठ्याहत्तर अधिक शंभर लिटर गेले कोठे, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या तोंडून आपोआप यावा लागतो. तो आला की पुनःशोषण हा शब्द पाठ करावा लागत नाही.

त्यापुढचा प्रश्न अधिक मौजेचा आहे. ९९ टक्क्यांहून अधिक परत घ्यायचे होते, तर एवढे बाहेर काढलेच कशाला? माळा आवरताना गृहिणी एकेक नको असलेली वस्तू शोधत बसत नाही. ती सगळा माळा अंगणात रिकामा करते आणि हवे तेवढेच उचलून परत ठेवते; उरलेले आपसूक भंगारवाल्याकडे जाते. मूत्रपिंडाची मुख्य रीत हीच आहे. शरीराला प्रत्येक टाकाऊ पदार्थ ओळखण्याची यंत्रणा बाळगावी लागत नाही. ग्लुकोज, अमिनो आम्ले, सोडियम, पाणी अशा हव्या असलेल्या पदार्थांना परत घेण्याची व्यवस्था असली की पुष्कळसे काम भागते. केशिकागुच्छात अंगण भरते आणि पहिल्या वेटोळ्या नळीत उचलाउचल सुरू होते. आता नळ्यांची नावे क्रमाने लिहावयास सांगावी. प्रत्येक नावाला काम चिकटलेले असल्यामुळे ती सहसा जागा चुकत नाहीत. मधुमेहात मूत्रात साखर का येते, हेही याच चित्रातून समजते. उचलणाऱ्या हातांची संख्या मर्यादित आहे. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ते हात अपुरे पडू लागतात, साखर नळीत राहते आणि आपल्याबरोबर पाणीही ओढून नेते. शेजारच्या आजोबांना रात्री वारंवार का उठावे लागते, याचे एक कारण विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातच सापडते.

यानंतर कोऱ्या कागदावर एक प्रश्न द्यावा : मे महिन्याच्या दुपारी सायकलवरून घरी आलेल्या मुलाचे मूत्र थोडे व गडद पिवळे का असते? उत्तराच्या पायऱ्या अशा याव्यात. घामाने पाणी गेले, रक्ताची परासरणीय तीव्रता वाढली, हायपोथॅलॅमसमधील ग्राहकांना ते कळले, पीयूषिका ग्रंथीच्या मागील भागातून एडीएच हे संप्रेरक रक्तात आले, नेफ्रॉनच्या शेवटच्या नळ्या पाण्याला पारगम्य झाल्या, पाणी परत घेतले गेले, मूत्र कमी व दाट झाले. सात पायऱ्या आहेत. यातली एक गाळली तरी उत्तर तुटते, आणि परीक्षक नेमका तेथेच गुण कापतो. ‘एडीएचमुळे’ एवढेच लिहिणाऱ्यास विषय येत नाही असे नाही. पण त्याने जे लिहिले नाही त्याचे गुण परीक्षक देऊ शकत नाही.

डॉक्टर पालकांना विनंती

येथे आपण डॉक्टर मंडळी बहुधा घात करतो. मुलाने एडीएच म्हटले की आपल्याला ॲक्वापोरिन आठवते, मग अतिदक्षता विभागातील सोडियम कमी झालेला रुग्ण आठवतो, आणि अर्ध्या तासाने मूल हताश होऊन पुस्तक मिटते. ज्ञान अधिक असणे आणि शिकविता येणे या भिन्न गोष्टी आहेत. मुलाच्या पुस्तकातील तो परिच्छेद आपण आधी शांतपणे वाचावा आणि त्याच्या कुंपणात राहावे.

याचे व्यावहारिक कारणही आहे. नेफ्रॉनच्या पहिल्या वेटोळ्या नळीत किती पाणी व क्षार शोषले जातात? आपण गायटनमध्ये सुमारे ६५ टक्के असे वाचलेले असते. एनसीईआरटीच्या पुस्तकात ७० ते ८० टक्के असे आहे. वडील म्हणतात पुस्तक चूक, शिक्षक म्हणतात वडील चूक, आणि मूल प्रश्नपत्रिकेपुढे गोंधळते. उत्तरसूची पाठ्यपुस्तकाच्या आधारे तपासली जाते, हे ध्यानात घेऊन पुस्तकातील आकडा लिहावा. खरा वाद सुट्टीत घालावा. तो घालण्याजोगा निश्चित आहे.

डॉक्टर पालकाने करावयाचे काम निराळे आहे, आणि ते शिकवणीचे वर्ग करू शकत नाहीत. भंवरकुआँच्या वर्गांत शेकडो मुलांपुढे फळ्यावर जे येते त्याला माणसाचा चेहरा नसतो. तो चेहरा आपण देऊ शकतो. बारावीच्या आनुवंशिकतेच्या धड्यातील सिकलसेल आजाराचे उदाहरण घ्या. झाबुआ, अलिराजपूर, धार भागातील आदिवासी कुटुंबांतून हे रुग्ण इंदुरात येतात, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांनी ते जवळून पाहिले आहेत. याच आजाराच्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथे झाला.

आईवडील दोघेही वाहक असतील, तर अपत्य निरोगी असण्याची शक्यता एक चतुर्थांश, वाहक असण्याची एक द्वितीयांश आणि आजारी असण्याची एक चतुर्थांश. चौकट काढून हे उत्तर सर्व मुले लिहितात. मग त्यांना विचारावे : या दांपत्याचे पहिले मूल आजारी निघाले, तर पुढील तिघे निरोगी असतील काय? पुष्कळ हुशार मुलेही ‘होय’ म्हणतात, कारण चार घरांपैकी एक घर ‘संपले’ असे त्यांना वाटते. समुपदेशनाच्या खोलीत बसलेले आईवडीलही हाच प्रश्न विचारतात आणि त्याच आशेने विचारतात. प्रत्येक गर्भधारणेला तीच चौकट पहिल्यापासून लागू होते. आधीच्या अपत्याची आठवण ती ठेवत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्याने एकदा नीट समजून घेतली, तर संभाव्यतेवरचा प्रश्न कसाही फिरवून आला तरी त्याचा पाय घसरत नाही.

शिवाय हे एकच उदाहरण तीन धड्यांना शिवते. बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हा उत्परिवर्तनाचा भाग. वाहकांना गंभीर मलेरियापासून काही संरक्षण मिळते, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले. त्यामुळे हे जनुक अनेक मलेरियाग्रस्त प्रदेशांत टिकून राहिले, हा उत्क्रांतीचा भाग. आणि मलेरियाच्या परजीवीचे जीवनचक्र मानवी आरोग्याच्या धड्यात आहेच. धडे पुस्तकात वेगळे छापलेले असले तरी विद्यार्थ्याच्या कागदावर ते एकत्र येऊ शकतात. प्रश्नपत्रिकेतील परिच्छेदावर आधारित प्रश्न पुष्कळदा अशाच सांध्यांवर बेतलेले असतात.

घरची भाषा, शाळेची भाषा

आपल्या समाजातील मुलांपुढे आणखी एक अडचण आहे, जिची चर्चा पुण्या-मुंबईच्या मार्गदर्शक पुस्तकांत सापडणार नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. लिपी एकच, शब्दही संस्कृतातून आलेले, म्हणून अर्थही एकच असावा असे वाटते. आणि तेथेच फसगत होते. मराठीत पेशी म्हणजे सजीवाचा मूलभूत घटक. हिंदी पुस्तकात त्याला कोशिका म्हणतात आणि पेशी म्हणजे आपला स्नायू. बरे, हिंदीत स्नायु शब्द नाही काय? आहे, पण शालेय पुस्तकात तो हाडाला हाड बांधणाऱ्या अस्थिबंधासाठी येतो, तर बोलण्यात मज्जातंतूंसाठीही वापरला जातो. आजोबांनी ‘हृदय हे स्नायूंचे बनलेले आहे’ असे समजावले आणि नातवाने उत्तरपत्रिकेत तसेच लिहिले, तर आजोबा बरोबर असूनही नातवाचे गुण जातात. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, सुश्रुताच्या शारीरस्थानात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत आणि तेथेही पेशी म्हणजे मांसपेशीच. तेव्हा या शब्दांपुरते हिंदीने जुने वळण राखले, आपण बदलले.

बाकीचे शब्द इतके घातक नाहीत, परंतु जोडीने माहीत हवेत. आपले मूत्रपिंड ते हिंदीतील वृक्क, स्वादुपिंड ते अग्न्याशय, जठर ते आमाशय, चेता ते तंत्रिका, ऊती ते ऊतक, तंतुकणिका ते सूत्रकणिका. मेदाला हिंदीत वसा म्हणतात. आजीला मात्र वसा म्हटले की श्रावणातली कहाणी आठवणार! वडोद्याच्या आपल्या नातेवाइकांचे या बाबतीत बरे आहे. गुजरातीतही मूत्रपिंड, स्वादुपिंड, जठर आणि स्नायू हेच शब्द त्याच अर्थाने चालतात.

यावर काही पालक ‘मग घरी मराठीत समजावूच नये’ असा निष्कर्ष काढतात. तो मला मान्य नाही. समजणे आणि लिहिणे या दोन अवस्था आहेत. माळा रिकामा करण्याची उपमा ज्या भाषेत मनाला पटते, त्या भाषेत ती सांगावी. परंतु कागदावर मांडताना परीक्षेच्या माध्यमातील संज्ञाच वापरण्याचा दंडक ठेवावा. वहीच्या शेवटच्या दोन पानांवर तीन रकाने आखून मराठी, हिंदी व इंग्रजी संज्ञा शेजारी शेजारी लिहाव्यात, सर्व देवनागरीत लिहिल्या तरी चालेल. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळ येथे वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली, त्यांतही बहुतेक पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवून देवनागरीत छापलेले आहेत. पुढे कोणत्याही माध्यमातून शिकले तरी इंग्रजी संज्ञा टळत नाहीत, तेव्हा तिसरा रकाना रिकामा सोडू नये.

परीक्षागृहात

केंद्रीय मंडळाच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी पहिली १५ मिनिटे मिळतात. या वेळात पाच गुणांच्या प्रश्नांतील पर्याय ठरवून टाकावा. आकृती पेन्सिलीने, पानाच्या किमान तिसऱ्या हिश्श्याएवढी काढावी, आणि नावांच्या रेषा एकमेकींना न छेदता शक्यतो एकाच बाजूस न्याव्यात. छायाप्रकाश दाखविण्याच्या भानगडीत पडू नये. तो वेळ नावे बरोबर जागी टोचण्यात घालवावा. शास्त्रीय नाव हाताने लिहिताना त्यातील दोन्ही शब्द वेगवेगळे अधोरेखित करावेत. ‘फरक स्पष्ट करा’ असे असेल तेव्हा एकाच निकषावर दोन्ही बाजू समोरासमोर याव्यात. एकीकडे आकार आणि दुसरीकडे कार्य लिहिले तर तो फरक होत नाही.

नीटचे तंत्र निराळे आहे. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटेच मिळतात. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ वजा. जीवशास्त्राचे ९० प्रश्न पाऊण तास ते पन्नास मिनिटांत उरकले तरच भौतिकशास्त्राला श्वास घेता येतो. हा वेग शेवटच्या महिन्यात येत नाही. घड्याळ लावून सोडविलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांतूनच तो येतो. ‘पुढीलपैकी अयोग्य विधान कोणते’ या प्रश्नात ‘अयोग्य’ शब्दाभोवती पेनाने वर्तुळ करण्याची सवय घरीच लावून घ्यावी. आणि आदल्या रात्री दहाला दिवा मालवावा. रात्रपाळी करून सकाळी शस्त्रक्रियेस उभे राहिलेल्या आपल्या मंडळींना त्याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही. मुलांना मात्र ते आपणच सांगितलेले बरे.